तालमीचे महिने, घरचे महिने

आज पाच नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली याच तारखेला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर उभं केलं, ते सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगितलं, नटराजाची पूजा केली, नारळ फोडला आणि शाळा सुटल्यावर गॅदरिंगच्या नाटकाचा पहिला प्रवेश बसवायला घेतला. आता रात्रीचे साडेदहा झालेत. ह्यांची बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात सेकंड शिफ्ट आहे, यायला अजून तासभर तरी जाईल, धाकटा झोपलाय, थोरली आत अभ्यासाला बसलीय, म्हणून जरा लिहायला बसले. आज स्टाफरूममध्ये नवीन लागलेल्या एका मॅडमनी विचारलं, तुम्ही हे नाटकाचं आणि घरचं दोन्ही कसं काय मॅनेज करता हो? तेवढ्यात बेल झाली आणि बोलणं राहून गेलं, पण नंतर दिवसभर तेच डोक्यात.

खरं सांगायचं तर रोजच्या रोज ते जमत नाही आणि रोज जमवायचं मी आता बघतच नाही. मी वर्षाचा हिशोब धरते. काही महिने तालमीचे, काही महिने घरचे, आणि कुठला महिना कुणाचा ते घरातल्या सगळ्यांना आधीच ठाऊक असतं.

असं का करावं लागतं तर नाटकाची वेळ आणि घराची वेळ एकच असते. गणिताच्या सरांचा तास साडेचारला संपतो तेव्हा माझं काम सुरू होतं. पोरं मोकळी होतात तेव्हाच तालीम घेता येते, आणि माझी स्वतःची पोरं पण त्याच वेळेला मोकळी होऊन घरी येतात, त्यांना भूक लागलेली असते, दिवसभरात काय काय झालं ते सांगायचं असतं. हे शिफ्टला, म्हणजे त्या वेळेला घरात एकट्या आत्ती (सासूबाई, आमच्याकडं आत्तीच म्हणतात). मुलांच्या नाटकाची तालीम सकाळी सहाला घेऊन बघा म्हणणारे पण भेटतात, पण येळ्ळूर, देसूर, नंदिहळ्ळीकडनं येणारी पोरं सहाला कशी येणार, त्यांच्या घरी तेव्हा दूध काढायचं असतं आणि त्यातली निम्मी पोरं स्वतः डेअरीला दूध घालून मग शाळेला येतात.

संध्याकाळची तालीम सुद्धा माझ्या हातात नसते, ती बसच्या हातात असते. सव्वासहाला सोडायचं म्हणजे सोडायचं. २०२३ च्या जूनमध्ये शक्ती योजना आली, बाईमाणसांना आणि मुलींना कर्नाटकात सरकारी बसचं तिकीट माफ झालं, त्याचा नाटकाला किती उपयोग झाला हे कुणी लिहीत नाही म्हणून इथं लिहून ठेवते. आधी तालमीला थांब म्हटलं की मुली म्हणायच्या, टीचर, पास ह्या टायमाला चालत नाही, सुट्टं तिकीट काढायला घरात पैसे देत नाहीत. आता ते कारण गेलं. आता फक्त अंधाराचं कारण राहिलंय आणि ते खरंच आहे, म्हणून गावाकडच्या मुलींचे प्रवेश मी पहिल्यांदा घेते आणि शहापूर-वडगावची पोरं, जी चालत घरी जातात, त्यांचे प्रवेश शेवटी. नाटकात कुठला प्रवेश आधी येतो नि कुठला नंतर याचा तालमीशी काही संबंध नसतो, बसशी असतो.

घरी पोचते तोवर सात. आणि पोचते तेव्हा माझ्याकडं आवाज उरलेला नसतो. लोकांना वाटतं वेळ कमी पडतो, वेळेचं कसंतरी होतं, आवाजाचं होत नाही. सात तास शिकवून झाल्यावर चाळीस पोरांच्या हॉलमध्ये दोन तास बोलायचं, आणि घरी आल्यावर धाकट्याला कन्नडचा धडा वाचून दाखवायचा असतो. म्हणून तालमीत ओरडायचं मी पूर्ण बंद केलंय. एक टाळी म्हणजे जिथं आहात तिथं थांबा, दोन टाळ्या म्हणजे पहिल्यापासून, आणि नाटकाची तिसरी घंटा म्हणून जी पितळी घंटा ठेवलीय ती वाजवली की सगळे गोलात बसणार. सुरुवातीला दहा मिनिटं श्वासाचा व्यायाम असतो, पोटावर हात ठेवून, आणि तो मी पण पोरांसोबत करते. आठवी-नववीतली पोरं गळ्यातनं ओरडून संवाद म्हणतात, आवाज फुटायचं वय असतं, अशा वेळी पोटातनं श्वास घेऊन बोलायला शिकवलं तर तो मुलगा पुढं आयुष्यभर चार लोकांत नीट बोलतो, मग नाटक करो न करो. हे मला नाटकाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणि भाषेचं. ह्यावर मी कधीतरी सविस्तर लिहिणार आहे पण आज थोडं लिहितेच. आम्ही बाहेरनं छापील एकांकिका आणायचो, तर त्यातली मुलं पुण्याच्या सोसायटीत राहणारी, तसं बोलणारी. आमच्या पोरींच्या तोंडात ते बसायचंच नाही. आमच्याकडं पोरगी घरातनं बाहेर पडताना ‘आई मी जातो’ म्हणते, ‘काय करालीस गं’ म्हणते, वाक्याच्या शेवटाला ‘की’ येतो, मध्येच ‘सुगी’सारखा शब्द येतो जो कन्नडवाल्यांचा पण आहे आणि आमचा पण. तीच पोरगी स्टेजवर ‘मी निघते हं आई’ म्हणायला लागली की तिचा हात पण खोटा हलतो. मग आता नाटक मीच लिहिते, पोरांना एक प्रसंग सांगायचा, त्यांनी आपापल्या भाषेत बोलायचं, मी उतरवून घ्यायचं. ह्या वर्षीचं नाटक सुगीचंच आहे, भात कापून पडलंय आणि अवकाळी पाऊस येणार म्हणून सगळा गाव एका रात्रीत मळणी करतो असं. स्पर्धेला गेलो की एखादे परीक्षक म्हणतात उच्चार शुद्ध नाहीत. मी मुलांना सांगते, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला का एवढंच बघा, भाषा आपली बरोबर आहे.

तर हे लिहायचं काम जून-जुलैत होतं आणि तिथंच माझा वर्षाचा हिशोब सुरू होतो. आमच्या बेळगावात जून लागला की पाऊस असा धरतो की बाहेर कुणी कुठं जात नाही. शाळा नुकतीच सुरू झालेली असते, परीक्षा लांब असतात. पूर्वी सगळीकडं असतं तसंच आमचं पण होतं, गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत आणि तयारी पंधरा दिवस आधी, म्हणजे ते पंधरा दिवस घर संपलं. आता संहिता जुलैत तयार, पात्रं ऑगस्टमध्ये ठरलेली, दसऱ्याच्या सुट्टीत पाठांतर. नोव्हेंबरात नुसत्या हालचाली बसवायच्या. त्यामुळं गॅदरिंगच्या आदल्या आठवड्यात सुद्धा मी सात वाजता घरी असते. मुख्याध्यापकांना हे पटवायला वेळ लागला, कारण जुलैत नाटकाचं काम चाललंय हे कुणाला दिसत नाही.

घरचं वर्ष वेगळंच फिरतं. ह्यांचं गाव उचगावच्या बाजूला, थोडं भात आणि थोडी रताळी. रताळी पावसाळ्यात लावायची आणि नवरात्र-दिवाळीच्या सुमाराला काढायची, त्यातली पुष्कळ उत्तरेकडं ट्रकनं जातात. रताळी काढून होतात तोवर भात कापणीला येतं. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर आत्ती आणि मामा (सासरे) दोघंही गावाकडं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत मला घरात माणूस पाहिजे असतो. ह्यावरनं आमच्यात वादावादी झालेली आहे, खोटं कशाला सांगू. शेवटी आत्तींनीच मार्ग काढला. कालनिर्णय खाली घेतलं, मला म्हणाल्या, तुझे तालमीचे दिवस लाल पेनानं लिही, मी सुगीचे हिरव्यानं लिहितो, जिथं दोन्ही एका दिवशी पडतील तिथं काय करायचं ते बघू. तेव्हापासनं दर जानेवारीत नवीन कालनिर्णय आलं की हे काम पहिलं. ह्यांच्या शिफ्ट महिन्याला कळतात, त्या निळ्या पेनानं. लाल आणि हिरवं एकत्र पडलं की माझ्या मोठ्या जाऊबाई येतात नाहीतर मी तालीम शनिवारी दुपारी घेते. आज आत्ती गावाकडंच आहेत, म्हणून संध्याकाळची आमटी थोरलीनं फोडणीला टाकली आणि भाकऱ्या मी आल्यावर केल्या.

कधीकधी वाटतं पूर्वीच्या नाटकवाल्यांचं कसं चालत असेल. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे, जन्म पण १८४३ चाच. पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला शाकुंतलचे पहिले चार अंक झाले तेव्हा ते सरकारी नोकरीत होते. म्हणजे दिवसा कचेरी आणि मग नाटक, हे काय आजचं नाही. फक्त कचेरीतनं आल्यावर भाकरी त्यांना करायची नव्हती, त्यांच्या घरात ती कुणी केली त्या बाईंचं नाव आपल्याला इतिहासाच्या तासाला कुणी सांगत नाही. आणि दुसरीकडं कन्नड रंगभूमीवरचे एणगी बाळप्पा, ते पण आपल्या जिल्ह्यातले, १९१४ ला जन्मलेले आणि २०१७ पर्यंत होते, शंभरी ओलांडलेला माणूस. पोरवयात बायकांची कामं करत करत पुढं स्वतःची कंपनी काढली, मुलगाही नट झाला. कंपनी नाटकात बिऱ्हाडच सोबत फिरायचं, ज्या गावात कॅम्प तिथं चूल. घर एकीकडं आणि थिएटर दुसरीकडं असं नव्हतंच. मला त्याचा हेवा वाटतो, पण त्या बिऱ्हाडातल्या पोरांच्या शाळेचं काय होत असेल हा विचार शिक्षिका म्हणून येतोच.

आमच्या घरी ह्या वर्षी थोरली दहावीला आहे. फेब्रुवारीत प्रिपरेटरी म्हणजे सराव परीक्षा, मग बोर्डाची. म्हणून मी ठरवलंय की गॅदरिंग झालं की शाळा सुटल्यावर एकही तालीम घ्यायची नाही, पार परीक्षा संपेपर्यंत. साडेचारला निघायचं आणि पाचला घरात. सोमवारी तसं लेखी देणार आहे शाळेत. एका कलीगनं सांगितलं, लेखी कशाला देताय, तेव्हाचं तेव्हा बघू. पण तेव्हाचं तेव्हा म्हटलं की नेहमी घरच मागं पडतं, तालीम पडत नाही, कारण तालमीला चाळीस पोरं दारात उभी असतात आणि घरी एकच पोरगी पुस्तक घेऊन बसलेली असते, ती हाक मारत नाही.

गल्लीतल्या मंडळाला पण सांगून झालंय. आपल्याकडं शिवजयंती वैशाखात, आणि मग चित्ररथाची मिरवणूक, त्यात सजीव देखावे, त्याच्या तालमी रात्री नऊच्या पुढं, सगळे दिवसभर कामाला जाऊन येणारे पोरगे. ते काम मला मनापासून आवडतं. ट्रॉलीवर एवढीशी जागा, खाली ढोल-ताशा, माईकवर निवेदन, आणि त्यात अफजलखानाची भेट दहा मिनिटांत दाखवायची, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या माणसांना सारखीच दिसेल अशी. कुठल्याही हॉलमधल्या नाटकापेक्षा हे अवघड आहे. मंडळाला म्हटलं, संवाद लिहून देते, निवेदकाला तयार करते, पण रात्रीच्या तालमी ह्या वर्षी तुमच्यातल्या कुणीतरी घ्यायच्या. त्यांनी लगेच दोघांची नावं सांगितली. दोघंही माझ्याच हाताखालनं गेलेले, एकजण आठवीत असताना स्टेजवर थरथरायचा. तो आता तालीम घेणार, हे ऐकून फार बरं वाटलं.

मघाशी थोरली पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा काय लिहालीस म्हणून बघत उभी राहिली. चौथीपासून आठवीपर्यंत ती माझ्या प्रत्येक नाटकात होती, नववीत स्वतःच थांबली. मी कारण विचारलं नव्हतं. आज आपणहून म्हणाली, आई, दहावी झाली की मे महिन्याच्या नाटकाच्या शिबिराला मी येतो. म्हटलं ये की, पण काम मिळणार नाही, प्रॉम्प्टिंगला बसावं लागेल. तर म्हणाली, मला काम नकोच आहे, मी लाइटचं बघतो.

म्हणजे एवढी वर्षं स्टेजवर उभं राहून ती वरचे दिवे बघत होती, आणि मला ह्याचा पत्ता नव्हता. मला स्वतःला लाइटचं फारसं येत नाही, आमच्या शाळेत दोन हॅलोजन आणि एक डिमर एवढंच आहे. मंडळातला एक पोरगा चित्ररथाचं लायटिंग करतो, उद्या त्याला विचारते, एप्रिलच्या शेवटी चार दिवस शिकवशील काय म्हणून. आणि आताच उठून कालनिर्णयावर लिहून ठेवते. नवीन यायला अजून वेळ आहे, म्हणून जुन्याच्याच शेवटच्या पानाच्या मागं. पेन कुठल्या रंगाचं घ्यायचं ते मात्र तिलाच विचारते.