नाशिक ते गुलमर्ग: स्कीच्या टायमिंग रूमची तयारी

सायकल शर्यतींचं टायमिंग आम्ही बरीच वर्षं करतोय, पण बर्फावर नवखेच. म्हणून गुलमर्गच्या स्की शर्यतीसाठी निघण्याआधी नाशिकला गंगापूर रोडवरच्या सोसायटीतच रंगीत तालीम केली: गच्चीवर स्टार्ट गेट, पार्किंगमध्ये फोटोसेल (समोरून कोणी गेलं की वेळ नोंदवणारा प्रकाशकिरणाचा सेन्सर), जिन्यातून केबल. बॅटऱ्या ओळखीच्या आईस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवल्या. सकाळी त्यातल्या दोघींनी मान टाकलेली. त्या नाशिकलाच राहिल्या.

प्रवासाचं दोनच ओळींत सांगतो. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, निदान एकाकडे पोस्टपेड हवं. गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गच्या पुढे बर्फ असेल तर चाकांना साखळ्या बांधलेली गाडीच घ्या.

आता टायमिंगची खोली. बुखारी (काश्मिरी शेगडी) कुठे आहे यापेक्षा खिडकीतून फिनिश लाइन सरळ दिसते का, ते आधी बघा. आम्ही ऊब बघितली आणि फसलो. तासाभरात काचेवर वाफ धरली. तेवढ्यात आमचाच एक पोऱ्या फोटोसेलसमोरून गेला आणि पाठोपाठ स्कीअर आला. यंत्रावर जेमतेम सेकंदाच्या अंतराने दोन वेळा. यातली खरी कुठली? ए आणि बी अशा दोन स्वतंत्र यंत्रणा होत्या, पण दोन्हींनी दोन्ही वेळा इमानदारीत नोंदवलेल्या! बाहेर स्टॉपवॉच घेऊन कुडकुडणाऱ्या मित्राच्या नोंदीवरून उलगडा झाला. तेव्हापासून हाताने वेळ घेणाऱ्याला आम्ही पहिला चहा देतो.

यंत्राने वेळ पकडलीच नाही, तर हातवेळ जशीच्या तशी लावायची नसते. त्याच्या आधी सुटलेल्या 10 स्पर्धकांची हातवेळ आणि यंत्रवेळ यांतला फरक काढून त्याची सरासरी घ्यायची आणि तेवढी दुरुस्ती करायची. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लागतो, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. सगळी घड्याळं सकाळी एकाच सिग्नलवर जुळवा. ए आणि बी यांच्या केबल आणि बॅटऱ्या वेगळ्याच ठेवा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर दोन्ही लावल्या तर दुसरी यंत्रणा नावालाच.

दुपारी ऊन पडलं की बर्फ वितळतो आणि केबलच्या जोडात पाणी शिरतं. वर गेटवर कोणी नसताना खाली स्टार्ट नोंदला गेला, तेव्हा हे कळलं. जोड काठीवर उंच बांधा. आणि चिवडा घरून भरपूर न्या. रिकाम्या पिशव्या त्या जोडांवर गुंडाळायला लागतात.