साठ हँडहेल्डचा वाय-फाय बदलताना

वाय-फायचा पासवर्ड वाय-फायवरूनच बदलायचा, म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. देवास नाक्याकडच्या एखाद्या गोडाऊनात 60 अँड्रॉइड हँडहेल्ड, म्हणजे बारकोड वाचणारी हातातली मशिनं, आहेत असं धरा. एमडीएमच्या (सगळी मशिनं दुरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कन्सोलवरून प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा संच, पाठवणं दोन मिनिटांचं काम, पण त्यात एक अक्षर चुकलं तर इंदूरच्या त्या टोकाला जाऊन एकेक मशीन हातात घ्यावं लागतं.

म्हणून जुन्या नेटवर्कला हात न लावता ऍक्सेस पॉइंटवर शेजारीच नव्या नावाचं नेटवर्क सुरू करा. नवं प्रोफाइल आधी दोनच मशिनांवर पाठवा. त्यातलं एक लोखंडी रॅकांच्या शेवटच्या गल्लीत नेऊन स्कॅन करून बघा, कारण ऑफिसच्या टेबलावर सगळंच चालतं. मग दहा-दहाचे गट. जुनं प्रोफाइल पुसायचं ते साठच्या साठ मशिनांनी नव्या नेटवर्कवरून कन्सोलवर हजेरी लावल्यावरच. 58 आली की हात शिवशिवतात. थांबा. उरलेली दोन बहुधा सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असतात. दोन्ही नावं आठवडाभर चालू राहिली म्हणून काही बिघडत नाही.

ड्रॉवरमधलं मशीन चार्ज झालं तरी कधीकधी ‘ऑफलाइन’च दिसतं, आणि वाय-फायच्या रेघा मात्र पूर्ण. आधी तारीख बघा. बॅटरी पार उतरून घड्याळ मागे गेलं असेल तर सर्व्हरचं सर्टिफिकेट (त्याचं डिजिटल ओळखपत्र) मशीनच्या लेखी ‘अजून सुरूच झालेलं नाही’, आणि मशीन जोडणी नाकारतं. फायरवॉलमध्ये एनटीपीसाठी (नेटवरून घड्याळ जुळवण्यासाठी) यूडीपी 123 हा पोर्ट उघडा आहे ना, हे तपासा. गूगलच्या पुश निरोपांसाठी टीसीपी 5228 ते 5230 हेही लागतात. ते बंद असतील तर आज्ञा लगेच पोहोचत नाही, पुढच्या ठरलेल्या चेक-इनपर्यंत रखडते.

राउटरवर मॅक पत्त्यांची (मशिनांच्या वाय-फाय ओळख-क्रमांकांची) परवानगीची यादी लावली असेल तर आणखी एक फास आहे. अँड्रॉइड 10 पासून प्रत्येक नेटवर्कसाठी मशीन वेगळा, बनवलेला मॅक दाखवतं. नेटवर्कचं नाव बदललं की तोही बदलला, आणि यादी त्याला बाहेरच ठेवते. प्रोफाइलमध्येच ‘डिव्हाइसचा मॅक वापरा’ ठेवा.

अगदीच हाताबाहेर गेलेलं मशीन फॅक्टरी रीसेट करायचं, स्वागताच्या स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा टॅप करायचं आणि नोंदणीचा क्यूआर दाखवायचा. त्या क्यूआरमध्ये वाय-फायचा पासवर्ड घातला असेल तर तो उघड्या अक्षरांत असतो, कोणाचाही फोन वाचतो. तो कागद भिंतीला डकवू नका. (डकवतातच.)

ऍप अपडेटचं गणित वेगळं. 80 एमबीचं ऍप गुणिले 60, म्हणजे 4.8 जीबी. 50 एमबीपीएसची लाइन पूर्ण मिळाली तरी जवळपास 13 मिनिटं तिच्यावर दुसरं काही चालणार नाही. गाड्या भरत असताना हे नको. ‘क्रेडलमध्ये (चार्जिंगच्या स्टँडमध्ये) चार्ज होत असेल तरच’ ही अट घाला आणि गट पाडा.

सोबत स्कॅनरच्या सेटिंग जात असतील तर इंटरलीव्ह्ड 2 ऑफ 5 या बारकोड प्रकाराची लांबी मोकळी सोडू नका. खोक्यावरच्या आयटीएफ-14 वरून (याच प्रकारचा 14 आकडी बारकोड) किरण तिरका गेला की अर्ध्याच रेघा वाचून मशीन बिनदिक्कत ‘बीप’ करतं आणि आठ-दहा आकडी भलताच नंबर स्टॉकमध्ये जातो. किमान 14, कमाल 14.

मे महिन्यात मात्र चार्जिंगची ती अटच अंगाशी येते. पत्र्याखाली दुपारी पारा चाळिशीपार असतो, आणि लिथियम बॅटरी साधारण 40 अंशांवर चार्ज घेणं थांबवते. मशीन क्रेडलमध्ये बसलेलं, अपडेट ‘प्रतीक्षेत’, आणि सगळे नेटवर्कला शिव्या देतात. क्रेडल पत्र्यापासून दूर, खालच्या सावलीच्या भिंतीला घ्या, एक टेबल फॅन त्याच्याकडे वळवा आणि अपडेटची वेळ पहाटेची ठेवा.