वॉल्ट विलिसची माडी

गुरुवार, रात्री उशिरा

जेवण झाल्यावर वॉल्ट विलिसचं जुनं लेखन उघडलं आणि साडेबारा कधी वाजले कळलं नाही. सकाळी ऑफिस आहे. असू दे.

विलिस बेलफास्टचा. दिवसभर सरकारी नोकरी, संध्याकाळी विज्ञानकथेच्या चाहत्यांसाठी हौशी मासिक. 1948 मध्ये त्याने 'स्लँट' सुरू केलं. महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती, तरी अमेरिकन मासिकं तिकडे सरळ मिळत नव्हती. 'स्लँट' तो घरी, छोट्या हातयंत्रावर छापायचा. एकेक खिळा, म्हणजे छपाईचं शिशाचं अक्षर, उचलून उलट्या अक्षरांची ओळ जुळवायची, पान छापायचं, मग तेच खिळे सोडवून आपापल्या खणात परत टाकायचे आणि पुढच्या पानाला हात घालायचा. चित्रांसाठी जेम्स व्हाइट लिनोलियम कोरून द्यायचा. तो कपड्यांच्या दुकानात नोकरीला. पुढे बॉब शॉ येऊन मिळाला. मोबदला शून्य. वाचक मूठभर, त्यातले बरेचसे पत्रांतून ओळखीचे.

व्हाइट कॅथलिक, विलिस आणि शॉ प्रॉटेस्टंट. या दोन पंथांत वैर असलेल्या बेलफास्टमध्ये हे तिघं आठवड्यामागून आठवडे एका माडीवर जमतात, ही साधी गोष्ट नव्हे. पण त्यांच्या लिखाणात त्याचा गाजावाजा दिसत नाही. कोट्या मात्र ढीगभर. अप्पर न्यूटनार्ड्स रोडवरच्या त्या घराला ते 'ओब्लिक हाउस' म्हणत. माडीवर 'घुडमिंटन' हा त्यांचा बॅडमिंटनसारखा खेळ चालायचा: जाळं, फूल आणि रॅकेटच्या जागी जाड पुठ्ठा. नियम नावापुरते, धसमुसळेपणा भरपूर. खेळून घामाघूम झाले की खाली मॅडलीन, विलिसची बायको, चहा करायची. त्यांच्या आठवणींत हा चहा वारंवार येतो, चहा करणारी त्या मानाने कमी.

1952 पासून चक हॅरिसबरोबर विलिसने 'हायफन' हे दुसरं मासिक काढलं. हे स्टेन्सिल कापून डुप्लिकेटरवर, म्हणजे आपल्या शाळेच्या सायक्लोस्टाइल पेपरांसारखं. हॅरिस इंग्लंडमध्ये, त्याला ऐकू यायचं नाही. दोघांची सगळी भट्टी जमली ती टपालावर.

1954 मध्ये विलिस आणि शॉ यांनी 'द एन्चांटेड डुप्लिकेटर' लिहिलं. जोफन नावाचा तरुण जादूचा डुप्लिकेटर शोधत संकटांतून जातो आणि शेवटी हाती काय लागतं, तर गंजकं यंत्र. जादू ते फिरवणाऱ्याच्या हातात. मला ही गोष्ट थोडी जास्तच गोड वाटते. विलिसची खरी ताकद प्रवासवर्णनात आहे. 1952 च्या शिकागोच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला त्याने यावं म्हणून फ्लोरिडातल्या शेल्बी विकने चाहत्यांकडून वर्गणी गोळा केली. विलिस बोटीने गेला, संमेलनानंतर बसने अमेरिका पालथी घातली आणि परतल्यावर 'द हार्प स्टेटसाइड' लिहिलं. स्वतःची फजिती तो इतक्या थंडपणे सांगतो की हसू ओळ संपल्यावर येतं. त्या वर्गणीच्या धर्तीवरच पुढे चाहत्यांना अटलांटिकपार पाठवणारा निधी उभा राहिला, आणि तो आजही चालतो.

व्हाइट आणि शॉ दोघेही पुढे नावाजलेले विज्ञानकथाकार झाले. अवकाशातल्या इस्पितळाच्या व्हाइटच्या कथा मी कॉलेजात अधाशासारख्या वाचल्या होत्या. विलिस मात्र चाहताच राहिला. 1958 मध्ये त्याला ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथेतलं मानाचं पारितोषिक, मिळालं तेही सक्रिय चाहता म्हणून. 'एवढं चांगलं लिहायचा, मग कादंबरीकार का झाला नाही' असं हळहळणारे भेटतात. मला ती हळहळ पटत नाही. पाहिजे तेच तो लिहीत होता, पाहिजे त्यांच्यासाठी लिहीत होता, आणि पोटापाण्याला नोकरी होतीच. त्या कोट्या प्रकाशकाच्या टेबलावर मेल्या असत्या.

पहिल्या वारीनंतर दहा वर्षांनी, 1962 मध्ये, शिकागोच्या संमेलनासाठी चाहत्यांनी परत वर्गणी काढली. या खेपेला मॅडलीनलाही बोलावलं. बरं केलं.