म्हटलं, काढ बाई
आज मिरजेहून कागवाडला येताना शेजारी एक काकू बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून. सांगलीच्या डेंटल कॉलेजात दाढ काढून आलेल्या. गाव उगारच्या पुढं. अर्धा जबडा बधिर, तरी बोलायचं थांबेनात.

"स्वस्तात हुतंय की हितं. पोरंच करत्यात, मागं मोठा डाक्टर हुबा असतोय."

दाढ वाचली असती, हेही त्यांनीच सांगितलं. रूट कॅनल, मग कॅप. "चार-पाच येळा या म्हणाली ती पोरगी. दरखेपी माझा रोज बुडतोय. म्हटलं, काढ बाई."

हिशेब चोख. आपल्या कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना 'शक्ती' योजनेचं शून्य रुपयाचं तिकीट, पलीकडं महाराष्ट्राच्या एसटीत हाफ. दोन सरकारं मिळून काकूंना जवळपास फुकटात फिरवतात. बुडालेल्या रोजाचं काय?

सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्रानं फुले जनआरोग्य योजना लागू केली, त्यावरून केवढी भांडणं झाली! पण ती मुख्यतः दवाखान्यात दाखल होणाऱ्यांसाठी. किडलेल्या दाढेसाठी कोण दाखल होतं?

बेळगाव-सांगलीकडं रविवारी ओपीडी चालू असणारं डेंटल कॉलेज कुणाला माहीत आहे का? असेल तर लगेच कळवा. काकूंची दुसऱ्या बाजूचीही ठणकायला लागलीय.