पाच की सहा?

मक्केला पहिल्या तवाफला, म्हणजे काबाभोवतीच्या सात फेऱ्यांना, उतरलो तेव्हा आईच्या हातात सात मण्यांची छोटी तसबीह, म्हणजे जपमाळ, होती. एक फेरी, एक मणी. पै-पै साठवून आलेल्या माणसाला चुकीची भीती वाटणारच. गावाकडच्या हजच्या शिबिरातही सगळ्यात जास्त प्रश्न तिनेच विचारले होते.

तवाफ हजरे-अस्वदपासून, म्हणजे काबाच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडापासून, सुरू होतो, काबा डाव्या हाताला ठेवून. त्या कोपऱ्यासमोर भिंतीवर हिरवा दिवा आहे. तिथे आलं की हात उंचावून ‘बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर’ म्हणायचं. पवित्र दगडाचं चुंबन मिळालं तर भाग्य, पण त्यासाठी कुणाला रेटायचं नाही. आम्ही गेलोच नाही. तरी मध्येच लोंढा आला, आईचा हात सुटता सुटता राहिला आणि मणी सरकवला की नाही तेच कळेना. पाच झाल्या की सहा? तिचे डोळे भरून आले. शिबिरातलं आठवलं: शंका आली तर कमी आकडा धरायचा. पाच धरल्या. आठ झाल्या असतील, पण सात नक्की झाल्या.

सईत, म्हणजे सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्यांत, घोटाळा वेगळा. सफा ते मरवा एक फेरी, परत येताना दुसरी. सातवी मरवावरच संपते. आई जाऊन-येऊन एक धरत होती, ते वेळीच लक्षात आलं. हिरव्या दिव्यांच्या पट्ट्यात पुरुषांनी धावायचं, बायकांनी चालायचं. मी धावलो, पुढे थांबलो. आई गाठत म्हणाली, “तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत धावली ती हाजरा बीबी. आई होती. तिच्यामागून तुम्ही सगळे धावताय.” पुढच्या फेऱ्यांत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

हजच्या महिन्यात, ९ जिलहजला, अरफातचं मैदान. हा दिवस हुकला तर हजच हुकला. हद्दीवर पिवळ्या पाट्या आहेत, आणि नमिरा मशिदीचा पुढचा भाग हद्दीबाहेर येतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. मी तंबूतून दोनदा जाऊन पाटी पाहून आलो. मग मात्र सूर्य मावळेपर्यंत दुआच. आईने गल्लीतल्या शेजारणींपर्यंत एकेकाचं नाव घेतलं.

रात्री मुजदलिफाला मगरीब आणि इशा या दोन नमाजा एकत्र पढून आम्ही उघड्यावर बसलो. आई मोबाईलच्या उजेडात जमरातांना, म्हणजे सैतानाचं प्रतीक असलेल्या खांबांना, मारायचे खडे निवडत होती. हरभऱ्याएवढेच हवेत. पहिल्या दिवशी सात, पुढचे दोन दिवस तीन जमरातांना सात-सात, म्हणजे एकूण ४९.

“जन्मभर तांदळातले खडे काढून टाकले,” ती म्हणाली, “आज पहिल्यांदा ठेवायला निवडतेय.”

तिने ते तीनदा मोजून रिकाम्या बाटलीत भरले. मग आणखी तीन टाकले. “हातातून निसटला तर तो मोजायचा नाही ना,” म्हणाली, आणि झाकण घट्ट लावलं.