तुम्ही विचारलंत म्हणून: दादाचं डोकं सिगारेटने बिघडलं का?

दादाला स्किझोफ्रेनिया आहे आणि तो एकीवर एक सिगारेटी ओढायचा, हे कळलं की लोक हमखास विचारतात, सिगारेटनेच मेंदू खराब झाला ना त्याचा? खरं सांगू, या प्रश्नात "त्यानेच ओढवून घेतलं" हे दडलेलं असतं, म्हणून आधी मी चिडायचे, आता नीट सांगते.

दादाचा एमआरआय नॉर्मल आला होता. आई तर रिपोर्ट बघून म्हणाली, मग आजार कुठाय? पण या आजारात मेंदूत जे फरक असतात ते एका माणसाच्या फोटोत सहसा दिसतच नाहीत, खूप जणांची सरासरी काढली की दिसतात. 1976 मध्ये ईव्ह जॉनस्टोन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅन करून दाखवलं की या पेशंट्सच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या असतात, पुढे एमआरआयवर ग्रे मॅटरही (मेंदूतला पेशींचा राखाडी भाग) सरासरी कमी भरलं. झालं, सगळं आजाराच्या खात्यावर. आता गोची अशी की ज्यांना हा आजार नाही अशा सिगारेट ओढणाऱ्यांच्यातही मेंदूचा वरचा थर सरासरी जरा पातळ सापडतो, आणि 2005 च्या एका आढाव्यात 20 देशांतले 42 अभ्यास एकत्र केले तर स्किझोफ्रेनियाचे 62 टक्के पेशंट ओढणारे निघाले. म्हणजे पेशंट विरुद्ध निरोगी अशी तुलना करताना एका बाजूला धूरही जास्त असतो, मग जो फरक दिसला त्यातला आजाराचा किती, सिगारेटचा किती, औषधांचा किती, हे वेगळं काढणं महाकठीण. थोडा वाटा सिगारेटचा असणार असं मला वाटतं, पण सगळा नक्कीच नाही.

मग ओढतात का एवढं? निकोटिनने थोडा वेळ लक्ष लागतं, असं एक उत्तर आहे. दादा म्हणायचा, "डोक्यातला गोंगाट जरा मागे सरकतो." त्याच्यावर मी काय बोलणार!

पण मला जे कुणीच विचारत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. दादाने सिगारेट सोडली, आम्ही खूश, आणि आठवड्याभरात तो दिवसभर झोपायला लागला, तोंडातून लाळ, बोलणं जड. आम्हाला वाटलं आजार उलटला. तो क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधावर होता. धुरातल्या काही घटकांमुळे (निकोटिनमुळे नाही हं, म्हणून निकोटिनचा पॅच लावून हे थांबत नाही) लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि हे औषध भराभर संपवतं, धूर बंद झाला की तोच डोस रक्तात चढत जातो. ओलान्झापिन या याच आजाराच्या दुसऱ्या औषधाचंही असंच होतं. डॉक्टरांनी रक्त तपासून डोस कमी केला तेव्हा तो माणसात आला. म्हणून सोडायचीच, पण डॉक्टरांना आधी सांगून, आणि परत सुरू झाली तरी सांगायचं, कारण मग औषध कमी पडतं.

मधे एकदा त्याची परत सुरू झाली होती. आमच्यापासून लपवली, पण डॉक्टरांना त्याने स्वतःच फोन केला होता.