‘ती बाई’ आणि पाब्लो सोरोसाबाल

माझं रोजचं काम म्हणजे पंपांची माहितीपत्रकं आणि करारनामे स्पॅनिशमधून मराठीत आणणं. त्यामुळे पुण्यातल्या एका श्रवणमंडळानं सोरोसाबाल या स्पॅनिश संगीतकारावरच्या कार्यक्रमासाठी पडद्यावरच्या मराठी ओळी लिहायला सांगितल्या, तेव्हा मी पैशांचं विचारायचंही विसरले.

कार्यक्रमाचा गाभा होता ‘ला ताबेर्नेरा देल पुएर्तो’ ही सार्सुएला. गद्य संवाद आणि मधूनमधून गाणी. आपलं संगीत नाटक आठवावंच. पहिला प्रयोग 6 मे 1936 ला बार्सिलोनात झाला, आणि अडीच महिन्यांच्या आत स्पेनमध्ये यादवी पेटली.

गोष्ट बंदरावरची. दारूचा गुत्ता चालवणारी मारोला ही मालकाची बायको, असा गावाचा समज. असते त्याची मुलगी. तिच्यावर जीव जडलेला खलाशी लेआंद्रो तिच्याबद्दलचं वाईटसाईट ऐकून गातो, ‘नो पुएदे सेर’. 1990 साली रोममध्ये तीन टेनरांच्या (वरच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकांच्या) मैफलीत प्लासिदो दोमिंगोनं गायलेलं ते हेच.

मी लिहिलं होतं, ‘हे शक्य नाही! ती बाई चांगली आहे.’ स्पॅनिश ‘मुखेर’ म्हणजे स्त्रीही आणि बायकोही, म्हणून मी ‘बाई’वर थांबले. (आपल्याकडे ‘बायका’ या शब्दाचं तेच की!) तालमीला मंडळाचे एक काका म्हणाले, “अगं, प्रेमात पडलेला पोरगा ‘ती बाई’ म्हणेल का? आपल्यात नुसतं ‘ती बाई’ म्हटलं की तिथंच बदनामी झाली.” मी रात्री बदललं: ‘शक्यच नाही! ती तसली नाही.’

कार्यक्रमाच्या संध्याकाळी निवेदकानं सोरोसाबाल यांचं चरित्र सांगितलं: 1897 मध्ये सान सेबास्तियानला जन्म, लाइपत्सिगला शिक्षण, 1955 च्या ‘मार्सेलिनो पान इ व्हिनो’ चित्रपटाचं संगीत. मला चटका लावून गेला तो त्यांचा ‘हुआन होसे’ ऑपेरा. सोरोसाबाल 1988 साली गेले. ऑपेरा लोकांनी पहिल्यांदा ऐकला 2009 मध्ये.

मग गाणं सुरू झालं आणि पडद्यावर आली जुनी फाईल. ‘ती बाई चांगली आहे.’ मागच्या रांगेत खसखस पिकली. माझे कान तापले. नवी फाईल पेनड्राइव्हवर होती आणि पेनड्राइव्ह पर्सच्या तळाशी, किल्ल्यांच्या जुडग्याखाली. शोधत बसण्यापेक्षा मी प्रोजेक्टरच्या भिंगावर सरळ तळहात ठेवला.

अंधारात टेनर वरच्या सुरावर चढला. हसू थांबलं होतं. गाणं संपेपर्यंत मी हात काढला नाही.

नंतर काका चहा घेऊन आले. “शब्द कुठे गेले गं?”

“पर्समध्ये,” मी म्हटलं.